मधाची साखर आणि आमचा न्याय

पंचामृताच्या पांच द्रव्यांत मध आणि साखर हीं दोन्हीं निरनिराळीं मोजलेलीं आहेत. पूजेच्या ताटांत एकाची वाटी दुसऱ्याच्या शेजारीं सुखानें नांदते. पण एक दुसऱ्याच्या पोटांत आढळलें कीं गृहस्थाच्या मनांत संशय उभा राहतो. मधाच्या बाटलीच्या तळाशीं पांढरे कण बसलेले दिसले म्हणजे ‘यांत साखर घातली आहे’ असा निकाल देण्यास आपल्याकडे कोणास साक्षीपुराव्याची गरज वाटत नाहीं. हा निकाल आम्हींही एकदां दिला. तो चुकीचा कसा ठरला, आणि आमच्याच घरच्या एका मुलीनें ती चूक एका काचपट्टीवर आम्हांस कशी दाखविली, ती हकीकत येथें सांगावयाची आहे. तींत आमची शोभा वाढण्यासारखें फारसें नाहीं. परंतु छत्तीस वर्षें दुसऱ्यांच्या मुलांच्या चुका तांबड्या शाईनें दाखविल्यावर स्वतःची एखादी चूक चारचौघांत दाखविण्यास आमची हरकत नसावी, हेंच योग्य.

आमचें घर पांचगणीस आहे. समुद्रसपाटीपासून सुमारें ४,२०० फूट उंचीवर वसलेलें हें गांव उन्हाळ्यांत पाहुण्यांनीं गजबजतें आणि थंडींत पुन्हां रहिवाशांचें होतें. येथून महाबळेश्वरापर्यंतचा आणि त्यापलीकडे कोयनेच्या खोऱ्यांत उतरणारा मुलूख मधासाठीं फार दिवसांपासून प्रसिद्ध आहे. जांभूळ, हिरडा, गेळा, आणि साधारण आठ वर्षांनीं एकदांच फुलून सारा डोंगर जांभळा करून टाकणारी कारवी, यांच्या फुलोऱ्यावर सातेरी जातीची माशी मध गोळा करते. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचें मध संचालनालय महाबळेश्वरासच आहे. आणि त्याच तालुक्यांतील मांघर हें खेडें इ. स. २०२२ मध्यें देशांतील पहिलें ‘मधाचें गांव’ म्हणून जाहीर झालें. तात्पर्य, या भागांत मध ही केवळ दुकानांतून आणावयाची वस्तु नाहीं. ती दारांत येणारी वस्तु आहे, आणि ती आणणारा मनुष्य बहुधा ओळखीचा असतो.

आमच्याकडे मध आणणारा मनुष्य कोयनेच्या खोऱ्यांतील एका वाडीचा वृद्ध शेतकरी होता. घरामागच्या उतारावर त्याच्या सातेरीच्या दहा-बारा पेट्या. अकरा वर्षें दर वैशाखांत तो येई, ओसरीवर बसे, पाणी पिई, मधाच्या चार बाटल्या ठेवी आणि मोजून पैसे घेई. पुढें थंडींत बाजारास आला म्हणजे रिकाम्या बाटल्या परत नेई. या अकरा वर्षांत त्यानें कधीं दराविषयीं हुज्जत घातली नाहीं, आणि आम्हींही कधीं मधाविषयीं तक्रार केली नाहीं.

दोन वर्षांपूर्वींच्या पौषांत तो असाच बाटल्या न्यावयास आला असतां आमच्या थोरल्या वहिनींनीं उरलेली एक बाटली आणून त्याच्यापुढें ठेविली. वर बोटभर पातळ मध आणि खालीं तीन बोटें पांढरा रवा. घरांतलीं सारीं मंडळी ओसरीवर जमलीं. न्यायाधीशाचें आसन अर्थातच आमच्याकडे आलें.

“वैशाखांत दिला तो मध हाच ना? मग ही साखर कोठून आली?” आम्हीं विचारलें.

“थंडीनं थिजलाय, गुर्जी. उन्हात ठेवा, पातळ हुईल.”

“थिजावयास तें कांहीं तूप नव्हे. अकरा वर्षें विश्वास ठेविला, त्याचें हें फळ!”

त्यावर तो कांहीं बोलला नाहीं. रिकाम्या बाटल्या पिशवींत भरल्या, ती भरलेली बाटलीही उचलली, तिचे पैसे कनवटीचे काढून ओसरीच्या कडेवर ठेविले आणि पायऱ्या उतरून गेला. पुढल्या वैशाखांत तो आला नाहीं. घरांत कोणीं त्याचें नांव काढलें नाहीं. दुकानांतला मध आला. तो वर्षभर पातळच राहिला, आणि ‘पाहा, खरा मध असा असतो’ असें आम्ही मुलांना सांगत राहिलों.

आमची नात पुण्यास रसायनशास्त्र घेऊन शिकते. गेल्या थंडींत ती सुट्टीसाठीं आली तेव्हां एका शिक्षक स्नेह्यांकडून एक जुनें सूक्ष्मदर्शक यंत्र तिनें चार दिवसांसाठीं मागून आणलें. त्या यंत्रास तिनें स्वतःची एक जोड दिली. घरांत एक बिघडलेलें खिशांतलें गणकयंत्र पडलें होतें. त्याच्या आंकडे दिसण्याच्या काचेवरचा काळसर पापुद्रा तिनें हलक्या हातानें सोडविला, त्याचे दोन तुकडे केले, एक काचपट्टीच्या खालीं बसविला व दुसरा डोळ्याच्या भिंगावर. “आजोबा, आतां बघा,” ती म्हणाली. आम्हीं पाहिलें, आणि कांहींच दिसलें नाहीं. सारा गोल काळाकुट्ट.

“हेंच हवें होतें,” असें म्हणून तिनें त्याचा अर्थ आम्हांस समजावून दिला. प्रकाशाच्या लहरी सर्वसाधारणपणें सर्व दिशांनीं कंप पावत असतात. तो पापुद्रा एकाच दिशेचा कंप पुढें जाऊं देतो. अशा प्रकाशास ‘ध्रुवित प्रकाश’ म्हणतात. माजघराच्या खिडकीला उभे गज असले म्हणजे त्यांतून ताट बाहेर द्यावयाचें झाल्यास तें उभें धरूनच द्यावें लागतें. आतां त्या खिडकीपुढें आडव्या गजांची दुसरी खिडकी उभी केली तर उभें आलेलें ताट तेथें अडतें. दोन पापुद्रे एकमेकांशीं काटकोनांत ठेविले म्हणजे प्रकाशाची हीच गत होते, आणि पाहणाऱ्यास अंधार दिसतो. परंतु या दोन खिडक्यांच्या मध्यें उभें राहून कोणीं तें ताट हातानें तिरपें केलें, तर त्याची वाट थोडीफार मोकळी होईल. कित्येक स्फटिकांच्या अंगीं नेमका हाच गुण असतो. त्यांतून जातांना प्रकाशाचे दोन भाग होतात. एक भाग दुसऱ्याहून किंचित् मागें पडतो. आणि वरच्या पापुद्र्यांतून ते दोन्ही पुन्हां एकत्र आले म्हणजे पांढऱ्या प्रकाशांतील कांहीं रंग मावळतात व कांहीं उजळतात. साबणाच्या फुग्यावर दिसणारे रंग असेच एका किरणानें दुसऱ्यास गांठण्यांतून उत्पन्न होतात.

मग घरांतल्या डब्यांची व औषधांच्या कपाटाची झडती सुरू झाली. प्रथम मिठाच्या पाण्याचा एक थेंब काचेवर वाळविला. साध्या प्रकाशांत मिठाचे रेखीव चौकोन दिसत होते. पापुद्रे लावतांच ते सारे अंधारांत बुडाले. तुरटीचेंही तसेंच झालें. ज्या पदार्थांची आंतली रचना चारही बाजूंनीं सारखी, घनाकृति असते, ते प्रकाशाचे दोन भाग करीत नाहींत, म्हणून काळ्यावर काळेच राहतात. नंतर तिनें विलायती मिठाचा, म्हणजे जुलाबासाठीं देतात त्या मिठाचा, थेंब ठेविला. थेंबाची कड वाळूं लागली तशी त्या काळोखांत एक पांढरी रेघ उमटली. बघतां बघतां ती रेघ आंत सरकूं लागली, तिला फांद्या फुटल्या, आणि फांद्या जसजशा जाड होत गेल्या तसतशा त्या पिंवळ्या, नारिंगी, तांबड्या व मग निळ्या झाल्या. तीन-चार मिनिटांत सारा थेंब पैठणीच्या पदरासारखा दिसूं लागला. आमच्या सौभाग्यवती सोवळ्यांत होत्या. त्या देवघरांतून उठून आल्या, आणि डोळा लावून बराच वेळ तेथेंच राहिल्या.

त्याहूनही मौजेचा प्रकार पुढें झाला. नातीनें त्या स्फटिकांच्या कडेला पाण्याचा एक बारीक थेंब सोडला. पाणी पोंचलें तेथें स्फटिक विरघळूं लागले, आणि विरघळतांना त्यांचे रंग आले त्याच्या उलट क्रमानें परत गेले: निळा गेला, तांबडा आला, मग नारिंगी, पिंवळा, पांढरा, राखी, आणि शेवटीं काळें. कारण उघड आहे. रंग जाडीवर अवलंबून असतो. स्फटिक झिजत पातळ होत गेला म्हणजे तो त्याच जिन्यानें खालीं उतरतो. आम्हीं आयुष्यभर ‘विरघळणें’ हें क्रियापद मुलांना चालवून दाखविलें. तें होतांना प्रत्यक्ष पाहिलें तें त्या दिवशीं.

हा पापुद्रा कोठून आला याची कथाही ऐकण्यासारखी आहे. आइसलंड बेटांत मिळणाऱ्या एका पारदर्शक खड्यांतून पाहिलें असतां एकाच्या दोन वस्तु दिसतात, हें डेन्मार्कच्या बार्थोलिन नामक पंडितानें इ. स. १६६९ मध्यें प्रसिद्ध केलें. इ. स. १८०८ मध्यें मालुस या फ्रेंच गृहस्थानें पॅरिस येथें मावळत्या सूर्याचें लक्झेंबर्ग राजवाड्याच्या तावदानांवरून परतलेलें तेज तशाच खड्यांतून पाहिलें. खडा फिरवितांना दोन प्रतिमांपैकीं एक मंदावते हें त्याच्या ध्यानांत आलें, आणि ध्रुवित प्रकाशाचें शास्त्र तेथून वाढीस लागलें. इ. स. १८२८ मध्यें निकोलनें त्या खड्याचे दोन तुकडे सांधून सूक्ष्मदर्शकास उपयोगी पडणारा लोलक तयार केला. पुढें इ. स. १८५२ मध्यें इंग्लंडांतील ब्रिस्टल गांवच्या हेरपाथ या वैद्याच्या एका शिष्यानें, क्विनाइन दिलेल्या कुत्र्याच्या मूत्रांत आयोडिनचा थेंब टाकला असतां हिरवट चकचकीत स्फटिक तयार झालेले पाहिले. ते एकमेकांवर आडवे पडले तेथें काळोख दिसे. या बारीक स्फटिकांची एका दिशेनें मांडणी करून त्यांचा पातळ तक्ता बनविण्याची युक्ति अमेरिकेंतील एडविन लँड या विशीच्या उंबरठ्यावरील तरुणानें काढली व इ. स. १९२९ मध्यें तिच्या पेटंटासाठीं अर्ज केला. आजचे तक्ते क्विनाइनवांचून, ताणलेल्या कृत्रिम पापुद्र्यांत आयोडिन मुरवून करतात. गणकयंत्राच्या आणि संगणकाच्या पडद्यांत ते असतात. ज्या वस्तूसाठीं पूर्वीं आइसलंडचा खडा लागे, ती आतां रद्दींत मिळते.

तिसऱ्या दिवशीं नातीनें मधाची गोष्ट काढली. दोन वर्षांपूर्वींच्या त्या ओसरीवरच्या न्यायसभेंत ती हजर होती, हें आम्ही विसरलों होतों. ती विसरली नव्हती. शेजारच्या बिऱ्हाडीं डोंगराकडचा, थंडीनें गोठलेला मध होता. त्यांतला सुईच्या टोंकाएवढा कण तिनें काचेवर पसरला. त्या काळोखांत शेंकडों सुया आणि पातळ पट्ट्या चमकत होत्या. कोठें एका मध्याभोंवतीं सुया चहूंकडे पसरून शेवंतीचें फूल झालें होतें. सुया राखी-पांढऱ्या, पट्ट्या जाड तेथें पिंवळ्या-तांबड्या. मग तिनें त्याच मधांत घरच्या साखरेचे चार दाणे चुरून घातले. ते निराळे दिसले: ठेंगणे, जाड, कोपरे तुटलेले ठोकळे. त्यानंतर काचपट्टी कोमट पाण्याच्या वाटीवर ठेवून, हाताला सोसेल इतक्या उबेंत, तिनें अर्धा तास जाऊं दिला. पुन्हां पाहिलें तों सुया व पट्ट्या नाहींशा झालेल्या, आणि साखरेचे ठोकळे झिजलेले खरे, पण जागच्या जागीं उभे.

“बाटलींतले कण आपल्या डब्यांतली साखर असती, आजोबा, तर ते असे दिसले असते,” ती म्हणाली. याहून अधिक ती बोलली नाहीं.

त्या कणांचें खरें स्वरूप असें आहे. मधांत शेंकडा सुमारें ३८ भाग फलशर्करा, सुमारें ३१ भाग द्राक्षशर्करा आणि १७ ते २० भाग पाणी असतें. माशी पंखांच्या वाऱ्यानें मधांतलें पाणी इतकें आटविते कीं, उरलेल्या पाण्यास सारी द्राक्षशर्करा आपल्यांत ठेवून घेणें जड जातें. पोळ्याच्या उबेंत, म्हणजे सुमारें ३५ अंशांत, तें कसेंबसें निभतें. थंडी पडली कीं अधिक झालेली द्राक्षशर्करा बाहेर पडूं पाहते, आणि परागाचा एखादा कण किंवा जुना एखादा स्फटिक मिळाला कीं त्याच्याभोंवतीं जमूं लागते. ही क्रिया १४ अंशांच्या आसपास सर्वांत जलद होते. त्याहून फार थंडींत मध इतका घट्ट होतो कीं आंतल्या कणांस हालतां येत नाहीं, आणि उष्ण्यांत ते विरघळून जातात. पांचगणीच्या पौषांतल्या रात्री नेमक्या या बेताच्या असतात. म्हणजे आमच्या ज्या हवेचें पाहुणे कौतुक करतात, तिनेंच ती बाटली गोठविली होती.

वरच्या बोटभर पातळ मधाचाही उलगडा येथेंच होतो. द्राक्षशर्करेचा प्रत्येक कण स्फटिक होतांना पाण्याचा एक कण आपल्याबरोबर बांधून घेतो. परंतु शर्करा जितकी खालीं जाते तितकें पाणी तिच्याबरोबर जात नाहीं, म्हणून वर राहिलेला मध पहिल्यापेक्षां पातळ होतो. आम्हीं त्यास साखरेचा पाक ठरविलें होतें. आरोपीविरुद्धचे दोन्ही पुरावे अशा रीतीनें निसर्गाच्या नेहमींच्या व्यवहाराचे निघाले.

आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष बोंचली. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत मधाच्या आठ जाति सांगितल्या आहेत, आणि त्याच ग्रंथांत ‘मधुशर्करा’ या द्रव्याचे गुणही निराळे दिले आहेत. हा शब्द आम्हीं तरुणपणीं पाठशाळेंत वाचला होता. त्याचा विग्रहही करून दाखविला असता. मधापासून शर्करा होते हें ज्यांनीं तो शब्द योजिला त्यांस ठाऊक होतें. ‘शर्करा’ या शब्दाचा मूळ अर्थ तरी काय? खडा, रेती. रवाळ कण पाहूनच तें नांव पडलें. हा सारा अर्थ आमच्या जिभेवर होता. बाटली समोर आली तेव्हां तो उपयोगास आला नाहीं. आणि मौज ही कीं, तूप रवाळ असलें म्हणजे घरांतल्या वृद्ध स्त्रिया त्याची वाखाणणी करतात. तुपाचा जो गुण, तो मधाचा अपराध कसा ठरला, याचें उत्तर आम्हांस देतां येत नाहीं.

येथें वाचकांनीं एक सावधगिरी बाळगावी. मध गोठला म्हणजे तो शुद्धच, असाही उलट निकाल देऊं नये. नातीनें आम्हांस हें बजावून सांगितलें. ज्या मधांत फलशर्करा अधिक, तो शुद्ध असूनही पुष्कळ दिवस पातळ राहतो. आणि कारखान्यांतला कृत्रिम पाक मिसळलेला मधही कधीं कधीं गोठतो. पाण्यांत थेंब सोडणें, वात भिजवून पेटविणें, कागदावर डाग पाहणें, या घरगुती परीक्षांवर कोणास चोर ठरवितां येणार नाहीं. ती परीक्षा प्रयोगशाळेची आहे, आणि तेथेंही प्रदेश पाहावा लागतो. आपल्याकडील मानकांत सामान्य मधांतील उसाच्या जातीच्या साखरेची मर्यादा शेंकडा ५ ठेविली आहे. परंतु कारवीच्या मधास ती शेंकडा १० पर्यंत वाढवून दिली आहे, कारण त्या फुलाच्या मधांत ती निसर्गतःच अधिक असूं शकते. सह्याद्रीवरच्या एका झुडुपासाठीं कायद्यानेंही अपवाद केला आहे. त्या दिवशींच्या प्रयोगानें सिद्ध झालें तें एवढेंच कीं, कणांवरून आम्हीं जो आळ घेतला त्यास आधार नव्हता. एका मनुष्यास निर्दोष मानावयास तेवढें पुरेसें आहे.

हें केवळ सुट्टींतलें खेळणें आहे, असेंही कोणीं समजूं नये. भूगर्भशास्त्रज्ञ पांचगणीच्या पठाराखालच्या काळ्या दगडाचा मिलिमीटरच्या तीन शतांशांइतका पातळ काप काढतात व याच प्रकाशांत त्यांतील खनिजें ओळखतात. वातरक्तानें पायाचा अंगठा सुजला असतां वैद्य सांध्यांतलें पाणी काढून याच प्रकाशांत पाहतात. त्यांत यूरिक आम्लाच्या चमकत्या सुया सांपडल्या म्हणजे रोगाचें नांव निश्चित होतें. वातरक्तासारखाच दिसणारा एक दुसराही सांध्याचा रोग आहे. त्याचे स्फटिक निराळे असतात. मॅकार्टी व हॉलंडर या अमेरिकन डॉक्टरांनीं ही परीक्षा इ. स. १९६१ मध्यें रूढ करण्यास आरंभ केला. तत्पूर्वीं बाहेरची सूज पाहून अंदाज बांधावा लागे. बाहेरून सारखें दिसणारें आंतून सारखेंच असेल असें नाहीं, हें तेथेंही खरें ठरलें.

गृहिणींसाठीं दोन शब्द. मध गोठला तर तो फेंकूं नये, किंवा चुलीवरही ठेवूं नये. आयुर्वेदानें मध तापविण्याचा निषेध केला आहे, आणि आजचे रसायनज्ञही फार उष्णतेनें मधाचा वास व सत्त्व बिघडतें असेंच सांगतात. बाटली कोमट पाण्यांत, हात सहज बुडवितां येईल इतक्याच उष्ण पाण्यांत, ठेवावी. पाणी निवलें तर बदलावें. तास-दोन तासांत कण विरघळतात. गोठलेल्या मधाचा वरचा पातळ थर लवकर आंबतो, म्हणून झांकण घट्ट असावें आणि ओला चमचा आंत घालूं नये. ज्यांस तो पातळ करावयाचा नसेल त्यांनीं नीट ढवळून पोळीस लावावा. मुलें तो आवडीनें खातात. घरांत सूक्ष्मदर्शक नसलें तरी निराश होण्याचें कारण नाहीं. संगणकाच्या सपाट पडद्यावर पांढरा प्रकाश ठेवून, त्यापुढें पारदर्शक प्लास्टिकची पट्टी धरून, ध्रुवक भिंगांच्या काळ्या चष्म्यांतून पाहावें. चष्मा हळूहळू फिरविला असतां पट्टीत रंग दिसतात. थंडीतल्या स्वच्छ सकाळीं पठारावर उभे राहून, सूर्याकडे नव्हे तर त्याच्यापासून काटकोनांत असलेल्या निळ्या आकाशाकडे त्याच चष्म्यांतून पाहिलें आणि मान कलती केली, तर आकाश गडद-फिकें होतें. कारण तो प्रकाशही आपोआप ध्रुवित झालेला असतो.

आतां राहिली ती शेवटची गोष्ट. नात पुण्यास परत जाण्याच्या आदल्या दिवशीं तिला व तें यंत्र बरोबर घेऊन आम्ही एस. टी. नें महाबळेश्वरास गेलों, व तेथून मिळेल त्या गाडीनें खालीं खोऱ्यांत उतरलों. वाडी शोधावयास वेळ लागला नाहीं. म्हातारा पेट्यांपाशींच होता. आम्हांस पाहून तो उठला, घोंगडी पसरली आणि सुनेस चहा ठेवावयास सांगितलें. आम्हीं घरून पाठ करून नेलेलें वाक्य तेथें कांहीं निघेना. शेवटीं एवढेंच म्हणालों, “बाबा, त्या दिवशीं आमचें चुकलें. मध तुमचा चांगला होता.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पोरं समोर हुती, गुर्जी. त्येवढं नको हुतं व्हायला.”

त्याचा एक नातू त्या दिवशीं त्याच्याबरोबर बाजारास आला होता व आमच्या अंगणांत उभा होता, हें आम्हांस तेव्हां प्रथम कळलें. आम्हीं त्या मुलास हांक मारून त्याच्या देखत तें वाक्य पुन्हां उच्चारलें. तें त्याला किती कळलें, देव जाणे. पण आम्हांस तें तेथें उच्चारल्यावांचून परत येववलें नसतें.

मग नातीनें तें यंत्र उन्हाकडे तोंड करून मांडलें आणि त्याच्याच बाटलींतला गोठलेला मध काचेवर लावला. म्हाताऱ्यानें डोळा लावला. बराच वेळ हलला नाहीं. नंतर सुनेला बोलाविलें, नातवाला उचलून धरलें, आणि आम्हांकडे वळून म्हणाला, “थंडीत त्यो थिजतो आन् उन्हात परत मध हुतो, ह्ये आमाला बापापास्नं ठावं हाय. पर आत ह्ये असं रंगीत असतंय, ह्ये मातुर ठावं न्हवतं.”

येतांना त्यानें दोन बाटल्या दिल्या व पैसे मोजून घेतले. दर मागच्यापेक्षां पन्नास रुपयांनीं अधिक होता. आम्हीं घासाघीस केली नाहीं. यंदाच्या वैशाखांत तो पुन्हां ओसरीवर येऊन बसला; वहिनींनीं त्यास स्वतः पाणी दिलें. त्या बाटल्यांतला मध या थंडींत गोठेल, अशी आमची खात्री आहे, आणि गोठला तर या खेपेस ओसरीवर सभा भरणार नाहीं.